अंबादास शेळवणेचं वय

"आला का ओ बाई कागद?"

खिडकीच्या गजांना दोन्ही हातांनी धरून ती उभी होती. सोमवारी होती, मंगळवारी होती, आणि बुधवारीही साडेदहाला ऑफिस उघडायच्या आधीच होती. मी टाइपरायटरवरून मान वर न करता म्हटलं, "अगं, तुला काल काय सांगितलं? रिपोर्ट गेलाय. तुमच्या वॉर्डात गेलाय. तिथं विचार."

"वार्डातली शिस्टर म्हणती, खाली विचार."

"मग तिला म्हणावं, तू नीट वर बघ."

शेजारच्या टेबलावर काचपट्ट्या पुसत बसलेला गणाचारी फिसकन हसला. मलाही हसू आलं. ती हसली नाही. गज सोडून दोन पावलं मागं सरली आणि भिंतीला टेकून खाली बसली, जणू तिथं बसायचं मी तिला सांगितलं होतं.

ही गोष्ट एकोणीसशे त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीतली. एका जिल्ह्याच्या गावच्या मोठ्या रुग्णालयात मी तेव्हा नऊ वर्षं टायपिस्ट होते. आमचा विभाग तपासणीचा. वर ऑपरेशन झालं की काढलेली गाठ किंवा तुकडा औषधाच्या पाण्यात बुडवून बरणीतून खाली आमच्याकडे यायचा. गणाचारी त्याचे कागदासारखे पातळ काप काढून काचेवर चढवायचा, डॉक्टर परांडेकर ते दुर्बिणीखाली बघायचे, आणि काय दिसलं ते पेन्सिलीनं एका चिठ्ठीवर लिहून माझ्या टेबलावर ठेवायचे. मी त्याचा रिपोर्ट टाइप करायची, त्यांची सही घ्यायची आणि शिपायाबरोबर वॉर्डात पाठवायची. वॉर्डाप्रमाणे पाठवणीच्या वह्या, वॉर्डाप्रमाणे नकलांच्या फायली. सगळं मी लावलेलं. डोळे मिटून कागद काढून देईन, असा माझा लौकिक होता.

आणखीही एक लौकिक होता. डॉक्टर लोक घाईत काहीही लिहून पाठवायचे. एकदा एका रामभाऊच्या नावावर गर्भाशयाचा रिपोर्ट निघाला होता. मी तो टाइप करायच्या आधी पकडला. परांडेकर सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "औंढेकरबाईंच्या नजरेतून काही सुटत नाही. असं ढळढळीत काही दिसलं ना बाई, तर मला विचारत बसू नका, दुरुस्त करत चला." त्या दिवसापासून मी दुरुस्त करत चालले होते.

तर ही बाई. नाव कडूबाई. आधीची दोन लेकरं जगली नाहीत म्हणून आईबापांनी ठेवलेलं नाव. वय सत्तावीस-अठ्ठावीस. तिचा नवरा अंबादास शेळवणे वीज मंडळात लाइनमन होता. खांबावर चढताना कमरेला जो चामडी पट्टा बांधतात, तो दिवाळीनंतर त्याला एक भोक पुढं बांधावा लागू लागला, मग दोन. "मी म्हणलं, सुटलाय. पोट सुटलंय. मी लई चिडवलं त्याला," हे तिनं मला त्या खिडकीतूनच सांगितलं होतं, मी विचारलेलं नसताना. मग एक दिवस लघवीला रक्त गेलं. आमच्याकडे आणल्यावर डाव्या किडनीत नारळाएवढी गाठ निघाली. गाठ आणि किडनी दोन्ही काढून टाकली. बरणी आमच्याकडे आली त्याची नोंद माझ्या आवक वहीत होती आणि त्यापुढं 'रिपोर्ट गेला' अशी माझ्याच हातची खूण होती. म्हणजे रिपोर्ट गेलाच होता. फक्त तो वॉर्ड चारमध्ये पोचत नव्हता.

चारच्या फायलीत त्याची नक्कलही नव्हती. परांडेकर सर परीक्षक म्हणून बाहेरगावी गेले होते, ते आणखी आठवडाभर येणार नव्हते. काचपट्ट्या पुन्हा बघायला दुसरं कुणी नव्हतं.

गुरुवारी माझं डोकं फिरलं. मी शिपाई दौलतला समोर उभा केला.

"दौलत, शेळवण्यांचा रिपोर्ट चारला कुणी नेला?"

"मी न्हाई नेला, बाई."

"मग कुणी नेला? मी नेला?"

"तुमी मला दिला असता तर मी नेला असता. चारच्या वहीत सही हाय का बघा की."

सही नव्हती. "सही घ्यायला विसरला असशील," मी म्हटलं. दौलत तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत गेला. मग मी स्वतः जिना चढून वर गेले. चारच्या मोहिते सिस्टर माझ्याच वयाच्या होत्या, आणि माझ्याचसारख्या.

"आमच्याकडे आलेला कागद हरवत नाही, औंढेकरबाई."

"आमच्याकडून निघालेला कागदही हरवत नाही, सिस्टर."

"मग काय उडून गेला?"

"तुमच्या खिडक्या सताड उघड्या असतात. गेला असेल उडून."

खाटांवरचे पेशंट उठून बसले, इतके आमचे आवाज चढले. तेवढ्यात तिथले तरुण डॉक्टर नाईकवाडे आले. "कशावरून चाललंय? शेळवणे? अहो, टाके निघालेत त्याचे. शनिवारी घरी सोडतोय मी त्याला. बाहेर व्हरांड्यात माणसं झोपलीत, खाट पाहिजे."

"आणि रिपोर्ट?"

"आला की फायलीला लावू. मोठ्या माणसाच्या किडनीच्या गाठीला काढून टाकणं हाच उपाय. ती काढली. त्याला पुढं औषध असं काही नसतंच. रिपोर्टनं फरक काय पडणार आहे?"

खाटेच्या पायथ्याशी कडूबाई उभी होती. ती पुढं आली. "मंग सायेब, कागदात काय लिव्हलंय ते कळल्याबिगर मी ह्यांना न्हेत नसते."

"अहो बाई, कशाला पाहिजे तुम्हाला कागद? वाचता येतो का?"

"न्हाई येत. माझा बाप असाच बिगर कागदाचा गाडीत घालून आणला हुता घरी. कशानं मेला ते आजून म्हाईत न्हाई. ह्याचं मला म्हाईत पायजे."

खाटेवरून अंबादास म्हणाला, "मरायचं कशाला बोलू लालीस? मी हाय की आजून." उंच, काळासावळा, भरघोस मिशांचा माणूस. आजारानं मिशाच तेवढ्या तशाच ठेवल्या होत्या. माझ्याकडे बघून तो म्हणाला, "बाई, हिचं मनावर घेऊ नका. आमच्या डीपीतला फ्यूज गेला तरी ही मलाच इचारती, कामून गेला."

नाईकवाडे हसले. मी खाली आले ती या ठाम मतानं, की मोहिते सिस्टरनं कागद हरवलाय आणि ती कबूल करत नाही.

शुक्रवारी वार्षिक अहवाल टाइप करायचा होता. दहा वर्षांचे आकडे, उभे आडवे रकाने, एक चुकला की पान नव्यानं. अकराच्या सुमाराला खिडकीत पुन्हा सावली पडली. या वेळी दोघं होती. अंबादास एका हातानं कूस दाबून, दुसरा हात भिंतीला लावून उभा होता. एवढे जिने उतरून आला होता.

"बाई, आजच्या दिवस बघा की. उद्या सोडू लालेत आमाला," कडूबाई म्हणाली. "तुमच्या त्या दुसऱ्या फायलीत बघितलं का? त्या कपाटात?"

कपाटात बाकी सगळ्या वॉर्डांच्या फायली होत्या. तिचं बोलणं अगदी बरोबर होतं. उठून कपाट उघडायला मला पाच मिनिटं लागली असती. पण एका अडाणी बाईनं मला माझं कपाट दाखवावं, हे मला सहन झालं नाही.

"हे बघ, रोज रोज येऊन माझं डोकं खाऊ नकोस! तुझ्या एकटीसाठी सरकारनं हे ऑफिस उघडलंय का? चारचा कागद चारच्याच फायलीत असतो. कळलं? जा आता."

त्या आवाजानं गणाचारीचा काचेवरचा हात थांबला. कडूबाईचा चेहरा काळवंडला. अंबादासनं तिच्या दंडाला धरलं. "चल गं. बाईला तरास देऊ नको. कागदावाचून काय आडलंय?"

दोघं पायरीपायरीनं गेली. माझ्या रकान्यातला एक आकडा चुकला होता, तेवढं मला पक्कं आठवतं. त्याचाही राग मी तिच्यावरच काढला.

शनिवार महिन्याचा शेवटचा. आमच्याकडे अशी पद्धत होती की ज्या रिपोर्टांचे पेशंट वॉर्डात सापडत नसत, म्हणजे घरी गेलेले, पळून गेलेले, गेलेले, ते कागद सगळे वॉर्ड महिनाअखेरीला आमच्याकडे परत करायचे. मी सकाळी मशीनला नवी रिबीन चढवून हात पुसत होते, तेव्हा वॉर्ड नऊची आया सुतळीनं बांधलेला गठ्ठा टेबलावर टाकून गेली. नऊ म्हणजे मुलांचा वॉर्ड. गठ्ठ्यात सहा कागद होते. चौथा अंबादास शेळवणेचा.

त्याच्या कोपऱ्यावर नऊच्या फिलोमिना सिस्टरनं लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं: असं मूल आमच्याकडे नाही.

मी खाली वाचलं. नाव बरोबर. बरणीचा क्रमांक बरोबर. निदान, विल्म्स ट्यूमर. वय, तीन वर्षे.

तेव्हा मला सगळं आठवलं. विसरलेलं नव्हतंच ते, मी कधी त्याच्याकडे वळून पाहिलं नव्हतं इतकंच. विल्म्स ट्यूमर ही किडनीची गाठ लहान मुलांची. नऊ वर्षांत मी तिचे अकरा-बारा रिपोर्ट टाइप केले होते, आणि वय दोन, चार, तीन, अडीच, असंच असायचं. साडेपाचच्या वर कधी गेलं नव्हतं. सरांच्या चिठ्ठीवर या वेळी एकतीस होतं. मी मनाशी हसले होते. पुन्हा घाई, तीनपुढं एक चुकून पडलाय. मी तीन टाइप केलं. तीन वर्षांचं मूल म्हणजे वॉर्ड नऊ, म्हणून तसं पाकीट केलं. सर गावाला निघायच्या गडबडीत होते, त्यांच्यापुढं वीस कागद एकदम ठेवले आणि त्यांनी उभ्याउभ्या सह्या केल्या. मग मी नक्कल नऊच्या फायलीत लावली, आवक वहीत, जिथं फक्त बरणीचा क्रमांक आणि नाव असायचं, खूण केली आणि डबा उघडून जेवायला बसले होते.

मी मूळ चिठ्ठी शोधून काढली. एकतीस. आकडे स्वच्छ होते. सरांचं अक्षर इतकं गिचमीड, पण तो एकतीस एखाद्या शाळामास्तरानं फळ्यावर काढावा तसा होता.

आता जे केलं ते सांगते. गणाचारी चहाला गेला होता. मी तो रिपोर्ट पुन्हा मशीनमध्ये चढवला, तीनच्या पुढची जागा बरोबर जुळवली आणि एक टाइप केला. आमच्या मशीनला एकची कळ नव्हती, एल दाबूनच एक करावा लागे. एक बोट, एक ठोका. मग फिलोमिना सिस्टरची लाल अक्षरं रबरानं खोडली आणि जिना चढून चारमध्ये गेले.

खाट रिकामी होती. आया रेक्झिनच्या गादीवरून ओलं फडकं फिरवत होती.

"गेले?"

"आठालाच गेले. ती बाई कुणाशी बोलली सुदिक न्हाई."

नाईकवाड्यांनी रिपोर्ट हातात घेतला, वाचला, पुन्हा वाचला. "विल्म्स? एकतिसाव्या वर्षी? मी फक्त पुस्तकात वाचलंय मोठ्यांत होतो म्हणून. एका ओळीत." त्यांचा चेहरा बदलला. "सरांची सही आहे. बाई, याला औषध आहे! त्या दुसऱ्या कॅन्सरला नाही, पण याला आहे. मुलांच्या वॉर्डात देतात ती इंजेक्शनं, शिवाय शेक. ऑपरेशननंतर लगेच सुरू करायची असतात. लगेच! कुठं होता हा कागद इतके दिवस?"

"सापडला आज," मी म्हणाले.

"बोलवा त्याला. पत्र टाका."

पत्राला चार दिवस. ते वाचून दाखवायला कोण, त्यावर विश्वास कोण ठेवणार. केस पेपरवरचा पत्ता मी उतरून घेतला. घरी सासूबाईंना सांगितलं की उद्या मावशीकडे जाऊन येते.

धामणवाडी मुख्य रस्त्यापासून आत तीन किलोमीटर. फाट्यावर उतरले तेव्हा रविवारचे दहा वाजले होते. पर्समध्ये रिपोर्ट होता, आणि सरांची पेन्सिलची चिठ्ठीही होती. ती मी बरोबर कशासाठी घेतली होती, वाटेत फाडून टाकायला की कुणाला दाखवायला, हे मला आजही सांगता येत नाही.

कडूबाई अंगणात तुरी बडवत होती. मला बघून तिचं दांडकं वरच्या वर थांबलं.

"तुमी? आता हितं काय हाय तुमचं?"

"कागद सापडला, कडूबाई."

तिनं पदराला हात पुसले, कागद घेतला, सुलटा का उलटा ते न कळता दोन्ही हातांनी धरला आणि ओसरीवर बाजेवर बसलेल्या नवऱ्याकडे नेऊन दिला. मला बसा म्हणाली नाही. मी उभ्यानंच सांगायला लागले. हा आजार लहान मुलांना होतो, मोठ्या माणसाला फार क्वचित होतो, पण याला औषध आहे, डॉक्टरांनी लगेच बोलावलंय, उद्या नाही, आजच चला.

अंबादासनं ऐकून घेतलं. "ल्हान लेकरांचा रोग? मला? बाई, मला मिशा हायेत."

"असतात. कधीतरी एखाद्याला."

तो कागद उन्हाकडे करून बघत होता. बराच वेळ बघत होता. मग त्यानं अंगठ्याचं नख एका जागी टेकवलं. "हा एक मागून घातलाय."

मी कागद परत घ्यायला हात पुढं केला.

"बाकीचं समदं फिकं हाय, हा काळा कुळकुळीत. आन् एवढासा खाली उतरलाय. मीटरचे आकडे वाचतो मी, बाई. कुणी हात फिरवलेला आकडा मला शिडीवरून कळतो."

"काय म्हणू लाले हे?" कडूबाईनं विचारलं.

"हा तीन वर्साच्या लेकराचा कागद हाय, कडू. आपला हरवला. आता वर कुणीतरी इचारलं असंल, नोकरीवर आलं असंल, म्हून दुसऱ्याचा कागद आकडा घालून आपल्याला द्यायला आल्यात." तो चिडलेला नव्हता. त्यानं कागदाची नीट घडी केली आणि माझ्यासमोर धरली. "जावा तुमी. त्या लेकराची आय हुडका. तिला द्या. औषध त्याला पायजे."

इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. त्याचा आला, त्या नव्या रिबिनीचा आला, नाईकवाड्यांनी स्वतः यायला काय झालं होतं म्हणून त्यांचा आला. खरा कागद खऱ्या माणसाच्या हातात होता, आणि मी लपवायला घातलेल्या एका काडीएवढ्या आकड्यामुळं तो त्याला खोटा ठरवत होता. मी जर तशीच परत फिरले असते तर माझं काहीही बिघडलं नसतं. पेशंटनं नकार दिला, एवढं वहीत लिहिता आलं असतं.

मी ओसरीच्या पायरीवर बसले.

"त्या लेकराची आई सापडायची नाही," मी म्हणाले, "कारण असं लेकरूच नाही. कागद तुमचाच आहे. डॉक्टरांनी वय एकतीसच लिहिलं होतं. मी ते तीन केलं."

"कामून?" कडूबाई.

"मला वाटलं त्यांची चूक झाली. मला वाटलं, मला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं. हा आजार मुलांचाच असतो, एवढं मी शिकले होते. म्हणून वय तीन केलं आणि मुलांच्या वॉर्डात पाठवला. नक्कलही त्याच वॉर्डाच्या फायलीत लावली. तिथं तो सतरा दिवस पडून होता. काल माझ्या हातात परत आला, तेव्हा मी एक घातला. कुणाला कळू नये म्हणून."

मी पेन्सिलची चिठ्ठी काढून अंबादासला दिली. त्यानं क्रमांक जुळवून पाहिला, आपलं नाव पाहिलं, एकतीस पाहिला. इंग्रजी आकडे त्याला चांगले येत होते.

कडूबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "म्हंजी मी रोज येऊन इचारत हुते, तवा ह्याची नक्कल तुमच्या त्या कपाटातच हुती."

"हो."

"मी म्हणलं, कपाटात बघा."

"हो."

"आन् तुमी मला म्हणलाव, डोकं खाऊ नको."

"हो."

वाटलं, आता ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती वळली, दांडकं उचललं आणि तुरी बडवायला लागली. धाप लागेपर्यंत, शेंगा फुटून दाणे पार उंबऱ्यापर्यंत उडेपर्यंत. आम्ही दोघं बघत बसलो.

"औषध हाय म्हणता?" अंबादासनं शेवटी विचारलं.

"आहे."

"आन् शेक म्हंजी काय?"

"मशीननं देतात. विजेवर चालतं."

"वीज? मंग एवढ्या लांब कशाला जायचं, खांब हाय की दारात." तो एकटाच हसला. मग हसू आवरून म्हणाला, "कडू, पिशवी भर."

ती थांबली नाही. समोरचा ढीग संपेपर्यंत बडवत राहिली. मग आत गेली आणि पिशवी घेऊन बाहेर आली. फाट्यापर्यंत अंबादासला एका शेजाऱ्याच्या बैलगाडीत बसवलं, मी गाडीमागून चालत आले. एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामी होती. कडूबाई पूर्ण दोन तास उभी राहिली.

पुढं पुष्कळ डोकेफोड झाली. मोठ्यांच्या वॉर्डाला ती औषधं किती आणि कशी द्यायची ते ठाऊक नव्हतं, आणि मुलांच्या वॉर्डात बारा वर्षांवरचा पेशंट घ्यायचा नियम नव्हता. तिथल्या मोठ्या डॉक्टर तळणीकर मॅडम म्हणाल्या, "माझ्या खाटा चार फुटी आहेत, त्याचे पाय कुठं ठेवू?" तीन दिवस मी वर-खाली कागद नाचवले. अखेर दर तीन आठवड्यांनी त्यानं नऊच्या बाकावर बसून इंजेक्शन घेऊन जायचं, असं ठरलं. कडेवर पोरं घेतलेल्या बायांच्या रांगेत तो मिशावाला माणूस बसायचा. पुढं मिशाही गेल्या. आयेनं पहिल्याच दिवशी ओरडून विचारलं होतं, "या पेशंटची आई कुठाय?" तर म्हणाला, "आय न्हाई आली. बायकू चालंल का?"

परांडेकर सर परत आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. "एकतीस मी दोनदा खात्री करून लिहिला होता. वर जाऊन त्याला बघूनही आलो होतो," एवढंच म्हणाले. त्यानंतर माझ्या टेबलावर चिठ्ठ्या येत राहिल्या, पण टाइप केलेला प्रत्येक कागद ते चिठ्ठीशी ताडून मगच सही करू लागले.

तळणीकर मॅडमना मी एकदा एकटं गाठून विचारलं, "मॅडम, ते सतरा दिवस वाया गेले, त्यानं काही बिघडलं असेल का?"

"ते कुणालाही सांगता येणार नाही, बाई," त्या म्हणाल्या. मी दर दोन-तीन महिन्यांनी विचारायचे. त्या दर वेळी तेच सांगायच्या.

अंबादासच्या रक्ताचे रिपोर्ट आमच्याकडूनच जायचे. इंजेक्शनं सुरू असताना दर तीन आठवड्यांनी, ती थांबल्यावर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी. ते न्यायला कडूबाई खिडकीत यायची. कधी एक शब्द वावगा बोलली नाही, कधी हसली नाही. पण मी कागद पुढं केला की ती हात पुढं करायची नाही.

"वाचा."

मी वाचायची. नाव. गाव. वॉर्ड.

"वय?"

"एकतीस."

"बत्तीस. पाडव्याला लागलं त्याला. नीट लिव्हा."

मी कागद परत मशीनमध्ये चढवायची, तिच्यासमोर नवा रिपोर्ट टाइप करायची, पुन्हा वाचून दाखवायची. मागं रांग खोळंबायची, लोक कुरकुरायचे. तिला घाई नसायची. सहा वर्षांनी माझी बदली झाली. त्याच्या आदल्या महिन्यात ती शेवटची आली तेव्हा मी आधीच हिशेब करून ठेवला होता. तरी तिनं विचारलंच.

"वय?"

"सदतीस."

"हां," ती म्हणाली आणि गजांतून हात आत घातला. "आता द्या."